जुना ट्रक गरम झाला की बंद पडतो, गार झाला की सुरू होतो: नेमकं कुठे बघायचं?

सकाळी चोक ओढला की पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू. अर्धा तास गाडी झकास पळते. मग सिग्नलला उभं असताना, नाहीतर पेट्रोल भरून निघताना इंजिन अडखळतं, दोन आचके देतं आणि गप्प. सेल्फ मारमारून बॅटरी उतरते, पण गाडी दाद देत नाही. बोनेट उघडून वीस मिनिटं थांबलं की मात्र काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. गॅरेजात पोचेपर्यंत दोष गायब. मेकॅनिक कार्बोरेटर साफ करून देतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच रस्त्याकडेची वाट पाहणी.

साधारण १९५० ते १९७५ दरम्यानच्या, पेट्रोल इंजिनाच्या आणि कार्बोरेटरवाल्या पिकअपना आणि छोट्या ट्रकना हा आजार हमखास होतो. त्यातही नुकतीच डागडुजी करून, रंग मारून, अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून रोजच्या वापराला काढलेल्या गाड्यांना जास्त. डिझेलचं गणित वेगळं असतं, ते इथे घेत नाही.

या एकाच लक्षणामागे निदान चार वेगळे दोष असतात आणि गार झालं की चारही आपोआप बरे होतात. त्यामुळे गाडी चालू असताना किंवा गार झाल्यावर केलेल्या तपासणीला काही किंमत नाही. जे काय बघायचं ते गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत. गाडीत एक मल्टिमीटर, एक जुना प्लग, इन्सुलेटेड पक्कड, चालू असल्याची खात्री असलेला कंडेन्सर (इग्निशनमधला छोटा डबीसारखा भाग) आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर कायम ठेवा. पेट्रोल आणि ठिणगी या दोन्हींशी गरम इंजिनाजवळ खेळायचं आहे, तेव्हा शेवटची वस्तू शोभेची नाही.

बंद पडल्या पडल्या काय करायचं

सगळ्यात आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. हवा आत ओढली गेल्याचा लांब 'सुस्स' आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर शोध तिथेच संपला. जुन्या गाड्यांमध्ये टाकीला हवा बहुधा झाकणातूनच मिळते. नंतरच्या मॉडेलांची झाकणं पूर्ण बंद असतात आणि आकार जुळला की कोणीतरी तेच बसवून मोकळं होतं. पेट्रोल संपतं तसा टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. हवेचं भोक असलेलं झाकण आणा, प्रश्न मिटला.

आवाज आला नाही तर एअर क्लीनर काढा. इंजिन बंदच ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारा आणि ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने एकदा पूर्ण ओढा. सेल्फ मारताना चेहरा त्या तोंडावर आणू नका, उलटा भडका उडतो. दांडा ओढल्यावर तीनपैकी एक गोष्ट दिसेल. पेट्रोलची सरळ, भरीव धार उडाली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे, वायरिंगकडे वळा. काहीच उडालं नाही तर पेट्रोल पोचत नाहीये. आणि दांडा न ओढताच नळीच्या टोकातून पेट्रोल ठिबकत असेल, आतल्या भिंती ओल्या असतील, वास नाकात भरत असेल, तर फ्लोटच्या भांड्यात, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या साठ्यात, पेट्रोल उकळून इंजिनात सांडतंय.

मग स्पार्क. डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागाच्या) मधली जाड वायर काढून पकडीने इंजिनाच्या धातूपासून साधारण ६ मिमीवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. कार्बोरेटर ओला असेल तर हे जरा लांब, हवेशीर बाजूला करा, किंवा वायरीच्या टोकाला जुना प्लग लावून तो इंजिनाला टेकवा. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेलं असेल तर प्लगच वापरा, मोकळ्या वायरीने मॉड्यूल जायची भीती असते. निळा, 'टक्‌ टक्‌' वाजणारा स्पार्क हवा. पिवळा, केसासारखा बारीक स्पार्क म्हणजे नसल्यातच जमा.

एवढ्यावरून अर्धा निकाल लागतो. इथवर न येता थेट नवा कार्बोरेटर मागवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि माझ्या मते या आजारात सगळ्यात कमी वेळा दोषी निघणारा भाग म्हणजे कार्बोरेटरच.

स्पार्क नाही किंवा मरतुकडा आहे

चावी ऑन करून कॉइलच्या (बॅटरीचं व्होल्टेज स्पार्कइतकं वाढवणाऱ्या भागाच्या) पॉझिटिव्ह टोकावर व्होल्ट मोजा, पण पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली, उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारी टोकं) मिटलेले असताना. पॉइंट उघडे असताना करंट वाहतच नाही, त्यामुळे मीटर बॅटरीइतकं व्होल्टेज दाखवून फसवतो. बॅलास्ट रेझिस्टर किंवा रेझिस्टन्स वायर (दोन्ही कॉइलकडे जाणारं व्होल्टेज उतरवतात) असलेल्या १२ व्होल्टच्या गाडीत इथे ६ ते ९ व्होल्ट मिळणं बरोबर आहे. कॉइल थंड राहावी आणि पॉइंट जळू नयेत म्हणून मूळ रचनाच तशी असते. सेल्फ फिरताना मात्र वेगळ्या वायरीने कॉइलला बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मिळतं. म्हणूनच सेल्फ फिरताना इंजिन सुरू होतं आणि चावी सोडताच मरतं, असं झालं तर थेट बॅलास्ट बघा.

आधुनिकीकरण केलेल्या गाड्यांचा मोठा घोळ इथेच होतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं जातं आणि त्याची लाल वायर कॉइलच्या पॉझिटिव्हला जोडली जाते, कारण ती तिथेच सोयीची पडते. बहुतेक मॉड्यूलना पूर्ण १२ व्होल्ट लागतात, आणि त्या टोकावर ते नसतात. थंडीत जेमतेम भागतं. गाडी तापली की रेझिस्टन्स वायरही तापते, तिचा रोध वाढतो, व्होल्टेज आणखी उतरतं आणि मॉड्यूल झोपतं. गार झालं की परत जागं. दोष मॉड्यूलमध्ये नसतोच, त्यामुळे नवं मॉड्यूल टाकूनही फरक पडत नाही.

याला रिलेसारखा, म्हणजे थोड्या करंटने जास्त करंट चालू करणाऱ्या स्विचसारखा, स्वस्त आणि पक्का इलाज नाही. इग्निशनची जुनी वायर रिलेच्या ८६ नंबरला, ८५ ला पक्कं अर्थिंग, ३० ला बॅटरीकडून फ्यूज लावून आणलेली नवी वायर, आणि ८७ वरून मॉड्यूलला पुरवठा. रिलेच्या गुंडाळीला अगदी थोडा करंट लागतो, त्यामुळे जुन्या रेझिस्टन्स वायरीवरही तो व्यवस्थित ओढला जातो आणि डॅशबोर्डमागचं जुनं वायरिंग उकरावं लागत नाही. कॉइललाही ८७ वरूनच पूर्ण व्होल्टेज देणार असाल तर आधी तिचा रोध मोजा. बॅलास्टसोबत वापरायच्या कॉइलचा प्राथमिक रोध १.५ ओहमच्या आसपास असतो, बॅलास्टशिवाय वापरायच्या कॉइलचा ३ ओहमच्या आसपास. दीड ओहमच्या कॉइलला थेट १२ व्होल्ट दिले तर पॉइंट मिटलेले असताना ८ ॲम्पिअर वाहतात. अशी कॉइल भट्टीसारखी तापते आणि पॉइंट चालू ठेवले असतील तर तेही जळतात. मॉड्यूलसोबत आलेल्या कागदावर कॉइलचे किमान ओहम छापलेले असतात, तेवढे पाळा.

पॉइंटच ठेवले असतील तर पहिला संशयित कंडेन्सर. बाहेरून काही दिसत नाही, गार असताना नीट चालतो, तापला की आतून गळतो. पॉइंटची टोकं काळीनिळी पडलेली किंवा एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झालेली दिसली तर संशय पक्का. रस्त्यावर मोजत बसू नका, सोबतचा कंडेन्सर लावा आणि सेल्फ मारा. नव्या डबीतल्या प्रत्येक कंडेन्सरवर विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीतून काढलेला पण चालणारा एखादा जपून ठेवलेला बरा.

आता एक जागा, जी बघायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. डिस्ट्रिब्युटरचं टोपण आणि रोटर काढा. ज्या पत्र्यावर पॉइंट बसतात, तो पत्रा आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी यांना जोडणारी बोटाएवढीही लांब नसलेली, कापडी आवरणाची विणलेली वायर दिसेल. तशीच दुसरी पॉइंटकडून बाहेर कॉइलकडे जाते. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीनुसार स्पार्कची वेळ पुढेमागे करणारी डबी) प्रत्येक वेळी तो पत्रा थोडा फिरवतो आणि प्रत्येक वेळी या वायरी वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतले तांब्याचे तंतू तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. गार असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात, तापली की सुटतात. एका सहा सिलिंडरच्या पिकअपचं कार्बोरेटर, पंप, कॉइल सगळं बदलून झालं होतं. व्हॅक्यूमच्या नळीला पिचकारी लावून तो पत्रा हळूच फिरवला तेव्हा मल्टिमीटरवर रोध शून्यावरून थेट अनंतावर उडाला. वायर चिमटीत धरून ताणली तर रबरासारखी लांबली. अखंड तांबं असं लांबत नाही. तिथे साधी जाड वायर घालू नका, ती आठवड्यात कडक होऊन तुटेल. बारीक तंतूंची मऊ वायरच हवी, आणि पत्रा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ती कुठे ताणली जात नाही ना हे बघा.

रंग जितका चांगला, अर्थिंग तितकं वाईट

नुकत्या सजवलेल्या गाडीत मी वायरिंगच्या आधी अर्थिंग तपासतो. गंजका जुना ट्रक नटबोल्टमधून, पत्र्याला पत्रा घासून कसाबसा करंट परत नेत असतो. मग चेसिसला पावडर कोटिंग होतं, इंजिनाखाली आणि केबिनखाली नवीन रबर येतात, प्रत्येक बोल्टखाली छान रंग बसतो. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. इंजिन, चेसिस आणि केबिन ही तीन बेटं होतात.

करंट मग मिळेल त्या वाटेने परत जातो. चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारताना चोकचं बटण हाताला गरम लागलं किंवा केबलच्या आवरणातून धूर निघाला, तर इंजिन आणि केबिनमधला अर्थ तुटला आहे यात शंका नको.

तपासायला मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या थेट शिशाच्या खुंटावर लावा, क्लॅम्पवर नाही. लाल पिन आधी इंजिनाच्या ब्लॉकला, मग डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला, मग केबिनच्या पत्र्याला. प्रत्येक वेळी सेल्फ मारून व्होल्ट वाचा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर तेवढं व्होल्टेज तुम्ही रंगाला दान करताय. जिथे पट्टी बसवायची तिथला रंग चमकदार धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, आवळल्यावर वरून ग्रीस लावा. बॅटरीकडून इंजिनाला एक जाड केबल, इंजिनाकडून चेसिसला एक विणलेली पट्टी, इंजिनाकडून केबिनला आणखी एक. एवढं केल्यावर कित्येक 'बिघडलेल्या' नव्या वस्तू आपोआप चालू लागतात.

६ व्होल्टवरून १२ वर आणलेल्या गाड्यांसाठी दोन गोष्टी. फोर्डचे एफ मालिकेतले ट्रक १९५५ पर्यंत ६ व्होल्टचे आणि पॉझिटिव्ह अर्थचे (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या धातूला जोडलेले) होते, १९५६ पासून १२ व्होल्ट निगेटिव्ह अर्थ आला. अशी गाडी निगेटिव्ह अर्थ करताना कॉइलवरच्या दोन वायरींची अदलाबदल करावी लागते. ती राहिली तर गाडी चालते, पण प्लगवरचा स्पार्क उलट्या दिशेने उडतो आणि त्याला जास्त व्होल्टेज लागतं. गार इंजिनात ते खपून जातं, तापलेल्या आणि झिजलेल्या प्लगला नाही. दुसरं, मूळच्या ६ व्होल्टच्या जाडजूड बॅटरी केबली चांगल्या असतील तर काढू नका. नवीन म्हणून मिळणाऱ्या बारीक केबलींपेक्षा त्या कितीतरी बऱ्या.

स्पार्क चांगला आहे, पेट्रोलची गडबड आहे

उकळून सांडणं आणि नळीत वाफ अडकणं यांना सगळे एकच नाव देतात, पण त्यांचे इलाज उलटे आहेत. आजच्या पेट्रोलमधले हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सियसलाच वाफ व्हायला लागतात. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि मॅनिफोल्डची उष्णता वर कार्बोरेटरमध्ये चढते. म्हणून पुढची दहा-वीस मिनिटं चालू असतानापेक्षा वाईट. पेट्रोल भरून परत निघायला नेमका तेवढाच वेळ लागतो.

भांड्यात उकळून इंजिनात सांडलं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पंप करू नका, प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं. काही सेकंदांत खोकत खोकत सुरू होईल. कायमचा इलाज म्हणजे कार्बोरेटरखाली ६ ते १२ मिमीचा उष्णतारोधक फायबरचा स्पेसर. त्याने उंची वाढते, तेव्हा बोनेट लागतं का आणि ॲक्सिलरेटरचा दांडा पूर्ण फिरतो का ते आधी बघा. पण स्पेसर घ्यायच्या आधी हीट रायझर व्हॉल्व्ह. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर वजनदार लोलक आणि स्प्रिंग असलेली पाकळी असते. थंडीत ती गरम धूर कार्बोरेटरखाली वळवते आणि इंजिन तापलं की मोकळी सोडते. ती गंजून बंद स्थितीत अडकली तर एक्झॉस्टचा धूर सतत कार्बोरेटरच्या बुडाशी खेळतो. लोलक हाताने फिरतो का बघा, अर्थात इंजिन गार असताना. भेदक तेल सोडून हलक्या हातोडीने मागेपुढे करत तो सुटतो. थंड हवेच्या प्रदेशात नसाल तर तो उघड्या स्थितीत तारेने बांधून टाकला तरी काही बिघडत नाही.

काहीच पेट्रोल येत नसेल तर टाकी ते पंप या ओढणाऱ्या बाजूवर लक्ष द्या. इथे दाब कमी असतो, त्यामुळे पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळतं. धातूची नळी एक्झॉस्टपासून तीन-चार बोटं तरी दूर हवी. रबरी नळ्या जुन्या असतील तर सगळ्या काढा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्या आतून सुटतात, बाहेरून ठीक दिसतात आणि ओढ लागली की आतला थर झडपेसारखा मिटतो. नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. चिमटे लावेपर्यंत गाडी गार होते, त्याचंच श्रेय चिमट्यांना मिळतं.

इलेक्ट्रिक पंप लावायचा तर टाकीजवळ, टाकीच्या पातळीखाली. पंप ढकलण्यात हुशार असतात, ओढण्यात नाही. जुन्या कार्बोरेटरला साधारण ४ ते ६ पीएसआय (दाब मोजायचं एकक) पुरतात, काहींना त्याहूनही कमी. इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप ४० पीएसआयच्या वर देतात, तो लावला तर कार्बोरेटरच्या भांड्यात येणारं पेट्रोल रोखणारा सुईचा व्हॉल्व्ह हार मानेल आणि पेट्रोल बाहेर येईल. शिवाय इंजिन बंद पडल्यावर पंप थांबला पाहिजे, त्यासाठी ऑइल प्रेशरवर चालणारा स्विच घाला. टाकी सीटमागे असलेल्या पिकअपमध्ये हे टाळणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

टाकीतला गंज हे फसवं प्रकरण. वेगात जाताना कचरा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जमा होतो, गाडी बंद पडते, थांबल्यावर कचरा खाली बसतो आणि गाडी सुरू होते. दिसतं अगदी गरमीच्या दोषासारखं. फरक एवढाच की हे हवामानावर नाही, वेगावर आणि टाकीतल्या पातळीवर ठरतं. पारदर्शक फिल्टर लावला की दोन दिवसांत उत्तर मिळतं.

सेल्फच फिरत नसेल तर

तो वेगळा दोष. गरम असताना सेल्फ जड फिरतो किंवा नुसता 'टक' आवाज येतो, तेव्हा सेल्फ फिरवताना बॅटरीवर ९.६ व्होल्टच्या खाली जातंय का बघा. जात असेल तर बॅटरी किंवा सेल्फ. नसेल तर केबल आणि अर्थिंग. सेल्फ फिरतो पण धक्के देत, मध्येच अडकत, असं असेल तर टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) फार पुढे ठेवलंय, सेल्फ बदलू नका. सायलेन्सरचा पाइप सेल्फला खेटून जात असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा करा. गिअर रिडक्शनचे छोटे सेल्फ कमी करंट खातात आणि जागाही सोडतात, रोजच्या गाडीला ते घेण्यासारखे आहेत.

नवीन सामान कोणत्या क्रमाने

एका वेळी एकच. इग्निशन, पंप आणि अल्टरनेटर एकाच रविवारी बदलले आणि गाडी सोमवारी बंद पडली, तर दोष शोधायला महिना लागतो. मी अर्थिंग, जाड केबली आणि फ्यूज बॉक्स आधी करतो. मग अल्टरनेटर, पण डॅशबोर्डमधला जुना ॲमीटर सर्किटमधून काढूनच. त्यातून गाडीचा सगळा चार्जिंग करंट जातो, तो जुन्या डायनामोच्या हिशोबाने बनवलेला असतो, आणि ६० ॲम्पिअरच्या अल्टरनेटरने त्याच्यामागची वायर वितळते. त्या जागी व्होल्टमीटर लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या मध्ये काटा असेल तर चार्जिंग ठीक. अल्टरनेटर आल्यावर चावी बंद करूनही इंजिन चालूच राहत असेल तर एक्सायटर वायरीतून (अल्टरनेटरला जागं करणाऱ्या बारीक वायरीतून) कॉइलला उलटा करंट मिळतोय. त्या वायरीत एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला.

त्यानंतर इग्निशन, मग पेट्रोलची बाजू. कार्बोरेटरच्या जागी बसणारं थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं किट सगळ्यात शेवटी. पेट्रोल दाबाखाली राहून सतत टाकीकडे परत फिरत असल्यामुळे वाफ अडकण्याचा प्रश्न त्याने खरोखर सुटतो. पण त्याच्या कॉम्प्युटरला स्वच्छ व्होल्टेज लागतं. अर्थिंग कच्चं असताना ते बसवलं तर आधी जी गाडी कधीतरी बंद पडायची ती रोज बंद पडेल, आणि तेव्हा दांडा ओढून धार बघायची सोयही उरलेली नसेल.

काम झाल्यावर नुसता फेरफटका मारून समाधान मानू नका. दुपारच्या उन्हात गाडी चांगली तापवा, बंद करा, बोनेट न उघडता पंधरा मिनिटं उभी ठेवा आणि सेल्फ मारा. मग हेडलाइट, हीटरचा पंखा, वायपर सगळं चालू करून पाच मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि कॉइलवरचे व्होल्ट पुन्हा मोजा. सकाळी गार गाडीवर तसेच मोजून ठेवलेल्या आकड्यापेक्षा इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली, तर गाडी आज सुरू झाली असली तरी दोष अजून आत आहे आणि कॉइलकडून मागे, एकेक जोड तपासत बॅटरीपर्यंत जायचं आहे.